प्रामाणिक माणसाचा घोडा

बर्लिनच्या ‘शहाण्या हान्स’ची गोष्ट मानसशास्त्राच्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत असते, आणि बहुतेक ठिकाणी ती चुकीची सांगितलेली असते. तपशिलात चुकीची नव्हे, अर्थात चुकीची. एक म्हातारा मास्तर, त्याचा गणित करणारा घोडा, त्या घोड्याला भुललेले एक शहर, आणि शेवटी एका तरुणाने फोडलेले बिंग! वर्ग हसतो, मास्तर पान उलटतात, आणि विद्यार्थी घरी जाताना एवढेच घेऊन जातो, की पूर्वीची माणसे भोळी होती. माझे भांडण या हसण्याशी आहे. या गोष्टीत भोळा कोणीच नव्हता, लबाड तर त्याहून नव्हता, आणि बिंग म्हणण्यासारखे काही फुटलेच नाही. जे उघडकीस आले ते इतके गैरसोयीचे होते, की शंभरावर वर्षे उलटली तरी शास्त्रज्ञ, पोलीस आणि तुम्हीआम्ही ते पुनःपुन्हा विसरतो आहोत.

गोष्ट आधी नीट सांगितली पाहिजे. विल्हेल्म फोन ऑस्टेन हे निवृत्त शिक्षक. घोड्यालाही बुद्धी असते, फक्त त्याला शाळा मिळालेली नसते, अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी हान्सला बर्लिनमधल्या एका वाड्याच्या अंगणात काही वर्षे शिकवले. लाकडी सोंगट्या मांडून, मणिचौकट दाखवून, बरोबर उत्तराला पाव आणि गाजर देऊन. १९०४ च्या सुमारास हान्स खुराच्या ठोक्यांनी बेरजा करू लागला, अपूर्णांक सोडवू लागला, आजची तारीख सांगू लागला. गर्दी लोटली. मास्तरांनी कोणाकडून एक पैसा घेतला नाही. शिवाय मास्तर जवळ नसताना परक्या माणसाने प्रश्न विचारला, तरी हान्स पुष्कळदा बरोबर उत्तर देई. मग लबाडी कोठे राहिली?

सप्टेंबर १९०४ मध्ये तेरा जणांची एक समिती बसली. बर्लिनच्या मानसशास्त्र संस्थेचे प्रमुख कार्ल श्टुम्फ तिचे म्होरके, आणि सदस्यांत पशुवैद्य होते, घोडदळातले अधिकारी होते, एवढेच काय, सर्कसचा मालकही होता. सर्कसवाला घेतला याचे मला कौतुक वाटते. जनावराला शिकवलेल्या युक्त्या त्याच्याइतक्या कोणाला ठाऊक असणार? समितीने निकाल दिला, की यात हातचलाखी नाही. निकाल अगदी खरा होता, आणि तरी तो कुचकामी होता. कारण समिती शोधत होती तो माणसाचा अप्रामाणिकपणा. मास्तर खोटे बोलतात काय, एवढाच प्रश्न तिने विचारला. घोड्याला काय दिसते, हा प्रश्न तिच्या मनात पुरेसा आलाच नाही.

तो प्रश्न विचारला ऑस्कर फुंग्स्ट या श्टुम्फच्या शिष्याने. आता त्याची रीत पाहा, कारण सगळे मर्म तिच्यात आहे. हान्सबद्दलचे कोणाचेही मत त्याने खोडले नाही. तो एका वेळी एकच गोष्ट बदलत गेला. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक असेल तेव्हा काय होते, आणि नसेल तेव्हा काय होते? ठाऊक असले की दहांतली सुमारे नऊ उत्तरे बरोबर. नसले की दहांतले जेमतेम एखादे. मग त्याने घोड्याच्या डोळ्यांना मोठ्या झापडी लावल्या. विचारणारा दिसेनासा झाला, आणि हान्सचे गणितही नाहीसे झाले. बिचारा मान वाकडी करकरून विचारणाऱ्याला पाहू बघे. सर्वांत नामी युक्ती बेरजेची. एका माणसाने हान्सच्या एका कानात एक आकडा सांगायचा, दुसऱ्याने दुसऱ्या कानात दुसरा, आणि एकमेकांचा आकडा एकमेकांना कळू द्यायचा नाही. दोन्ही आकडे फक्त घोड्याला ठाऊक! गणित येत असते तर त्याच्यासारखा सुखी प्राणी नव्हता. हान्स ठोके मारीतच राहिला, कारण थांब म्हणणारे कोणी नव्हते.

‘थांब’ कोण म्हणत होते? प्रश्न विचारून झाला, की माणूस खूर पाहण्यासाठी किंचित पुढे वाके. घोडा ठोके सुरू करी. अपेक्षित आकडा आला, की माणसाच्या मनावरचा ताण सुटे आणि त्याचे डोके नकळत जरासे वर उचलले जाई. घोडा थांबे. बस्स, इतकेच! तेरा विद्वानांना जी हालचाल दिसली नाही, ती एका जनावराने पाहिली होती. पुढे फुंग्स्ट स्वतः घोडा झाला. माणसांना मनात आकडा धरायला सांगून तो हाताने टेबलावर ठोके मारी आणि त्यांच्या मानेकडे पाहून थांबे. पंचवीस जणांपैकी दोघे सोडून साऱ्यांनी त्याला नकळत खूण दिली. आणि याहून मोठी गोष्ट अशी, की खूण काय आहे हे स्वतः शोधून काढल्यावरही फुंग्स्टला हान्ससमोर आपली मान पुरती आवरता येईना.

हे शेवटचे वाक्य पाठ्यपुस्तके गाळतात. ते राहिले असते तर वर्ग हसला नसता.

आपल्याकडे नंदीबैल दारात येतो. गुबुगुबू वाजते, नंदीवाला विचारतो, यंदा पाऊसपाणी होईल ना? आणि बैल मान डोलावतो. लगेच कोणी म्हणेल, हान्स म्हणजे जर्मनीचा नंदीबैल. नाही, फरक आहे आणि तोच मोठा आहे. आपण इशारा देतो हे नंदीवाल्याला पक्के ठाऊक असते. इशारा देणे हा त्याचा पिढीजात धंदा आहे, आणि त्या धंद्यापुरता तो कोणाही प्राध्यापकापेक्षा चांगला मानसशास्त्रज्ञ आहे. फोन ऑस्टेनना मात्र ठाऊक नव्हते. म्हणून नंदीवाल्याकडून शास्त्राला मुळीच धोका नाही. त्याला दक्षिणा द्यावी आणि नमस्कार करावा. धोका आहे तो फोन ऑस्टेनकडून, म्हणजे त्या सज्जन, निरिच्छ, कष्टाळू माणसाकडून, ज्याच्या प्रामाणिकपणाकडे बोट दाखवून आपण म्हणतो, ‘हा कशाला खोटे सांगेल?’

संख्याशास्त्रात याला ‘कन्फाउंडिंग व्हेरिएबल’ असे भारदस्त नाव आहे. आपण साधे ‘लपलेले कारण’ म्हणू. तुम्ही एक कारण हाती धरून बसता, आणि त्याच्या सावलीत दुसरेच एक कारण उभे असते. काम ते करते आणि नाव याचे होते. हान्सच्या अंगणात प्रश्न आणि विचारणाऱ्याची मान ही जोडी एकत्र होती. घोड्याने ऐकला तो प्रश्न नव्हता. त्याने पाहिली ती मान होती.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की ही सगळी मागची कथा झाली. आता प्रयोगशाळा आहेत, यंत्रे आहेत, पांढरे उंदीर आहेत. ठीक आहे, उंदरांकडे जाऊ. १९६३ साली अमेरिकेत रॉबर्ट रोझेंथाल आणि केर्मिट फोड यांनी बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी पाच उंदीर वाटले. निम्म्यांना सांगितले, तुमचे उंदीर वाट शोधण्यात हुशार अशा जातीचे आहेत. निम्म्यांना सांगितले, तुमचे मठ्ठ. वस्तुतः उंदीर सारखेच होते, कोणाला कोणते जायचे ते निव्वळ नशिबावर ठरले होते. तरीही ‘हुशार’ उंदरांनी वाट लवकर शिकली! विद्यार्थी लबाड होते काय? नव्हते. ज्यांना हुशार उंदीर मिळाले असे वाटत होते, त्यांनी ते अधिक मायेने हाताळले, असे त्यांनी स्वतःच सांगितले. उंदराला हात कळतो. २०१० साली इंग्लंडात जेन हर्स्ट आणि रेबेका वेस्ट यांनी दाखवून दिले, की शेपटीला धरून उचललेली उंदरे भेदरतात, आणि ओंजळीत किंवा नळीत घेऊन उचललेली पुष्कळ निर्धास्त राहतात. आता विचार करा, एका प्रयोगशाळेत शेपटीला धरण्याची चाल आहे आणि दुसरीत ओंजळीची; दोघी भीतीवरच्या एकाच औषधाची परीक्षा घेतात आणि मग एकमेकींना खोटे पाडतात.

मुळात प्रयोगशाळा तरी एकमेकींसारख्या असतात काय? १९९९ साली जॉन क्रॅब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावायचे ठरवले. ऑल्बनी, पोर्टलंड आणि कॅनडातले एडमंटन अशी तीन ठिकाणे. उंदरांच्या जाती त्याच, वय तेच, उपकरणे तीच, परीक्षेच्या वेळाही जुळवलेल्या. सासुरवाडीच्या मानपानात नसेल इतकी काळजी घेतली. तरी काही परीक्षांचे निकाल गावागणिक वेगळे आले. त्यांनी प्रांजळपणे एक गोष्ट नोंदवली आहे: एडमंटनच्या एका प्रयोगकर्त्याला उंदरांचे वावडे होते, म्हणून तो तोंडाला श्वसनयंत्र बांधून काम करी. फरक त्यामुळेच पडला असे कोणी म्हणत नाही. पण ‘आम्ही सर्व काही सारखे ठेवले’ हे वाक्य लिहिताना यापुढे प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तो मुखवटा यावा.

आणि पुरुषांनी तर थोडे अधिकच लाजावे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेफ्री मोगिल यांच्या प्रयोगशाळेने २०१४ साली दाखवले, की खोलीत पुरुष बसला असेल तर पायाला वेदना होणाऱ्या उंदरांच्या चेहऱ्यावर ती वेदना कमी दिसते. बाई बसली असेल तर तसे होत नाही. पुरुषाने दया दाखवली म्हणून नव्हे. त्याच्या वासाने उंदीर इतका घाबरतो, की त्या भीतीत दुखणे दबून जाते. माणूस हजर असण्याचीही गरज नाही. त्याने रात्रभर अंगात घातलेला टी-शर्ट जवळ ठेवला तरी पुरते! समजा, वेदनाशामक औषधाच्या परीक्षेत औषध दिलेली उंदरे एका गृहस्थाने पाहिली आणि न दिलेली एका बाईने. औषध गुणकारी ठरले. कोण ठरवणार, की गुण औषधाचा होता की घामाचा? हा विनोद वाटेल; पण वेदनांवरची औषधे माणसापर्यंत येतात ती असल्याच पायऱ्या चढून.

आतापर्यंतची कारणे प्राण्याच्या डोळ्यांतून आणि नाकातून आत शिरणारी झाली. दुसरा एक दरवाजा आहे, आणि त्यावर पहारा आणखीच ढिला: पाहणाऱ्याचा डोळा. दिवाळीच्या दिवसांत याचा दाखला घराबाहेर शोधायला नको. ताटात दोन चकल्या आहेत, एक सुनेच्या हातची, एक लेकीच्या. कोणती कोणाची हे सासूबाईंना आधी सांगा, आणि मग विचारा, खुसखुशीत कोणती? सासूबाई खोटे बोलणार नाहीत. त्यांना लेकीची खरोखरच खुसखुशीत लागेल. हेच बेल्जियममध्ये फ्रँक टाउटन्स आणि सहकाऱ्यांनी पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांवर करून पाहिले आणि २०१४ साली छापले. जनावरांची एकच चित्रफीत दोनदा दाखवली, पण दर वेळी माहिती वेगळी दिली. फीत तीच, विद्यार्थी तेच, आणि गुण मात्र माहितीच्या बाजूने झुकलेले.

यावर उपाय काय, हे गुपित नाही. चकली कोणाची ते सांगू नका, झाले. इंग्रजीत याला ‘ब्लाइंड’ म्हणतात. मी अजाण तपासणी म्हणेन. कोणत्या उंदराला औषध दिले हे मोजणाऱ्याला ठाऊक नसावे. कोणता उंदीर कोणत्या गटात जाणार हे माणसाच्या मर्जीने नव्हे, चिठ्ठ्या टाकून ठरावे. सकाळच्या आणि संध्याकाळच्या पाळ्या, वरच्या फळीवरचे दिव्याजवळचे पिंजरे आणि खालचे अंधारातले पिंजरे, दोन्ही गटांत सारखे वाटलेले असावेत. यात कसली आली आहे महाग यंत्रे? तरीदेखील २०१२ साली प्राणिवर्तनाच्या प्रमुख नियतकालिकांची जी पाहणी झाली, तीत असली खबरदारी घेतल्याचे दहांतल्या एका लेखातही धड नोंदवलेले आढळले नाही. तान्ह्या मुलांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे हीच खबरदारी बहुधा घेतात. म्हणजे ती घेता येत नाही असे नाही. प्राण्यांच्या बाबतीत ती घ्यावीशी वाटत नाही. का? कारण तिच्यात आपला अपमान होतो. ‘माझ्यावर विश्वास नाही?’ असे मनातल्या मनात म्हटले जाते. नाही, विश्वास नाही. फुंग्स्टचा स्वतःच्या मानेवर नव्हता. तुमच्या मानेवर कोणी का ठेवावा?

काही वाचक एव्हाना रागावले असतील. घरात ज्यांचा मोती आहे किंवा टॉमी आहे, ते म्हणतील, ही शास्त्री मंडळी जनावरांची बुद्धी काढून घ्यायला बसली आहेत. या रागाला थोडा आधार आहे. हान्सनंतर कित्येकांनी त्याचे नाव सोटा म्हणून वापरले. कोणी प्राण्याच्या अकलेची गोष्ट काढली, की घाला हान्सचा सोटा डोक्यात! मला तोही आळशीपणाच वाटतो. अजाण तपासणी प्राण्याचे काही हिरावून घेत नाही. २००४ साली जर्मनीतल्या लाइपझिगच्या संशोधकांनी रिको नावाच्या कुत्र्याची परीक्षा घेतली. मालकांचे म्हणणे, याला दोनशे खेळण्यांची नावे कळतात. खेळणी वेगळ्या खोलीत ठेवली, जिथून मालक त्याला दिसू शकत नव्हते. मालकांनी नाव घ्यायचे, रिकोने एकट्याने जाऊन ते खेळणे आणायचे. चाळीस वेळांपैकी सदतीस वेळा त्याने बरोबर आणले. झापडी लावून पास झालेली ही बुद्धी; हिच्यापुढे कोणाचाही सोटा चालत नाही. आणि हान्स तरी कोठे मठ्ठ होता? जे त्याला शिकवलेच नव्हते, ते तो शिकला होता. माणसाची मान वाचण्यात त्याच्या तोडीचा विद्वान त्या समितीत नव्हता. मास्तरांना मात्र त्याची ही विद्या नको होती, त्यांना बेरीजच हवी होती. ते चिडले, पुढचे प्रयोग त्यांनी बंद पाडले, आणि १९०९ मध्ये वारले. घोडा दुसऱ्या मालकाकडे गेला आणि १९१४ च्या महायुद्धात ओढला गेला. पुढे त्याचे काय झाले ते इतिहासाला ठाऊक नाही.

घोड्याची बेरीज चुकली तर कोणाचे काही जात नाही. कुत्र्याची चुकली तर माणूस तुरुंगात जातो. २०११ साली कॅलिफोर्नियात लिसा लिट आणि सहकाऱ्यांनी अमली पदार्थ आणि स्फोटके हुंगणारी अठरा कुत्री, प्रत्येकी आपल्या हस्तकासह, एका चर्चच्या इमारतीत आणली. हस्तक म्हणजे कुत्र्याला फिरवणारा आणि त्याची खूण ओळखणारा माणूस. हस्तकांना सांगितले, की खोल्यांत माल दडवलेला असू शकेल, आणि जेथे तांबडा कागद लावला असेल ती मालाची जागा. प्रत्यक्षात साऱ्या इमारतीत मालाचा कणही नव्हता. कोठे काहीच खूण नव्हती, कोठे फक्त कागद होता, कोठे कुत्र्यांना चकवायला सॉसेज आणि टेनिसचे चेंडू लपवले होते. एकशे चव्वेचाळीस तपासण्या झाल्या. एकदाही ‘माल सापडला’ म्हटले गेले नाही अशा तपासण्या फक्त एकवीस. खोट्या सूचना दोनशे पंचवीस! आणि त्या कोठे अधिक? कुत्र्याला मोह पाडणाऱ्या सॉसेजपाशी नव्हे. माणसाने वाचलेल्या तांबड्या कागदापाशी. कुत्रे खरेच तेथे थांबले, की थांबले असे हस्तकाला वाटले, हे त्या प्रयोगावरून सांगता येत नाही. सांगता आले नाही तरी बिघडत नाही. दोन्ही परी कागद लावला होता माणसाच्या मनात.

आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न १९६९ सालीच आला होता, आणि तोही महाराष्ट्रातल्या एका खटल्यात. श्वानाने काढलेल्या मागाला पुरावा म्हणून फारसे वजन देता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. कुत्र्याची उलटतपासणी कोण घेणार, हा आक्षेप त्या चर्चेत होताच. न्यायालयाचा हा सावधपणा योग्य आहे. परंतु वर्तमानपत्रे आणि नाक्यावरचे पंच असले सावध नसतात. ‘श्वान थेट अमक्याच्या दारात जाऊन थांबले’ एवढी बातमी आली, की गावाचा खटला संपतो. त्या अमक्यावर आधीच सगळ्यांचा वहीम होता काय, दोरी धरणाऱ्याच्या कानी तो गेला होता काय, हे कोणी विचारीत नाही. उलट वहीम होता हीच गोष्ट कुत्र्याच्या खरेपणाची साक्ष म्हणून सांगितली जाते.

कुत्र्याच्या नाकाविषयी मला तिळमात्र शंका नाही. ते नाक आपल्यापेक्षा फार वरच्या दर्जाचे आहे, आणि त्याने माणसे वाचवली आहेत, ढिगाऱ्याखालून शोधून काढली आहेत. म्हणूनच त्याची साक्ष हस्तकाच्या मनातून गाळून येऊ नये, अशी माझी मागणी आहे. कुत्र्याचे शिक्षण चालू असो वा परीक्षा, माल कोठे दडवला हे हस्तकाला ठाऊक असता कामा नये, आणि ज्याला ठाऊक आहे त्याने त्या खोलीत उभे राहू नये. बाहेर चहा पीत बसावे. संशयितांची रांग उभी केली, तर त्यांत संशयित कोण हे दोरी धरणाऱ्याला सांगू नये. आणि पाच खोल्यांच्या परीक्षेत अधूनमधून पाचही खोल्या रिकाम्या ठेवाव्यात, तेही कोणाला न सांगता. म्हणजे ‘येथे काही नाही’ असे म्हणून परत फिरण्याची सवय कुत्र्याला लागेल, आणि त्याच्यामागून चालणाऱ्या हस्तकालाही.